माजिदाभाभींचा बटणांचा डबा

वडाळा रोड, नाशिक
९ फेब्रुवारी

ती. स्व. आक्कास,
धाकट्या रंगनाथचा वाकून नमस्कार (पूर्ण वाकवत नाही, तेव्हा जेवढा झाला तेवढा गोड मानून घे).

तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि देवळ्याचा कांदा, तिघांचीही खुशाली कळव. इकडे शेखर नि मंजुषा सकाळी नोकरीवर जातात आणि चार वर्षांची वेदिका दिवसभर माझ्या ताब्यात असते, म्हणजे मी तिच्या ताब्यात असतो.

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं काढली ती अक्षराच्या जोरावर, हे तुला ठाऊकच आहे (साहेब कुठलाही जावो, त्याचं मानपत्र मीच लिहायचो). तेव्हा नातीला लिहायला मीच शिकवणार असं घरात जाहीर केलं. दिवाळीनंतर गिरवायची वही नि डझनभर पेन्सिली आणल्या आणि रोज दुपारी चार ही वेळ ठरवली. पोरीने पेन्सिल मुठीत मुसळासारखी धरली. मी तिच्या हातावर हात ठेवून पानभर अ काढले. पान देखणं झालं, पण ते माझंच होतं; ती तेवढा वेळ खिडकीतला कावळा बघत होती. तिसऱ्या दिवशी पेन्सिली गायब. शोधल्या तर कुंडीत ओळीने खोचलेल्या, वर पाणी घातलेलं. पेन्सिलींचं झाड आलं की तूच बसून लिही, असं तिने मला शांतपणे सांगितलं. इथवर मी हसलो. पण पुढच्या आठवड्यात चार वाजले की ती पलंगाखाली जाऊन बसायला लागली. भिंतभर हत्ती नि मोर काढणारी पोर, तिने खडूला हात लावणंच सोडलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझा हात वाईट आहे." आक्का, चार वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवलं? मीच. त्या दिवशी मला चहासुद्धा गेला नाही.

समोरच्या माजिदाभाभी तुला आठवत असतील (मागच्या खेपेला तुझ्या ब्लाउजला हुक लावून दिले होते त्या). शिवणकाम करतात, आसपासच्या कितीतरी मुलींना काज-बटण त्यांनीच शिकवलं. वेदिका रुसून त्यांच्याकडे जाऊन बसली. मी तिला आणायला गेलो, तर त्यांनी मलाच बसवून घेतलं. माझं गाऱ्हाणं ऐकून त्यांनी पोरीचा पंजा हातात घेतला, एकेक बोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, बोटांत अजून ताकद नाय आली. माझ्याकडे मोठी पोरगी शिकायला आली तरी मी पहिल्या दिवशी सुई नाय देत. आधी हात तयार होऊ द्या. अक्षर कुठं पळून चाललंय?"

"मग मी काय करू?"

"मटार सोला. तिला घेऊन."

एवढा स्पष्ट आदेश मला आख्ख्या नोकरीत कोणी दिला नव्हता. आम्ही मटार सोलले. कणकेचे साप केले, दोरीवर कपड्यांना चिमटे लावले. भाभींकडे बटणांचा एक डबा आहे, त्याच्या झाकणाला चीर पाडलेली. बटण चिमटीत धरून त्यातून आत टाकायचं (वेदिकाची वीस जायची तेव्हा माझी अकरा). गच्चीवर बादलीभर पाणी नि रंगाचा जुना ब्रश देऊन भाभींनी तिला भिंत रंगवायला लावली. आधी खांदा हलू दे, मग मनगट, बोटांचं काम शेवटी, असं त्यांचं म्हणणं. (त्या पाण्यात मी एकदा घसरलो, हल्ली काठी घेऊन फिरतो, बाकी काळजीचं काही नाही.) नव्या खडूंचे त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत तुकडे केले. जीव हळहळला, पण नखाएवढा खडू मुठीत मावतच नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. जन्मभर लेखणी धरून हे मला कळलं नव्हतं. कुठे शिकलात विचारलं, तर म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात? हाताकडं बघायचं."

गेल्या गुरुवारी वेदिकाने ओल्या ब्रशने भिंतीवर एक गोल काढला आणि त्याला चिकटून उजवीकडे एक उभी रेघ. म्हणाली, "हा तू, ही तुझी काठी." मी म्हटलं, "बाळा, याला व म्हणतात. तुझं नाव इथूनच सुरू होतं." तिने भिंतीकडे पाहिलं. उन्हाने तो व वाळत चालला होता. पुसून जायच्या आत तिने दुसरा काढला, मग तिसरा. ऊन उतरेपर्यंत भिंतभर व होते. काहींची काठी भलत्याच बाजूला होती, पण मी एकही सुधारला नाही (भाभी मागेच उभ्या होत्या).

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
रंगनाथ

ता. क. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी ओरडून बोलतो आणि शेखरला सगळं ऐकू जातं. वेदिकाचं नाव एका लेखनवर्गात घातलेलं आहे. त्यांच्याकडे जागा झाली, सोमवारपासून रोज एक तास. शेखर माझं ऐकत नाही, तुला मात्र वचकून असतो. रविवारी त्याला फोन कर आणि पोरीला एवढ्यात क्लास नको म्हणून सांग. कारणं देत बसू नकोस, 'आत्या सांगते म्हणून' एवढं पुरे.

आणखी एक ता. क. तो म्हणेल की हा क्लास बाबांनीच शोधला, तिथल्या बाईंच्या मागे लागून फॉर्मही बाबांनीच भरला. ते खरं आहे. तेव्हा त्याला फार बोलू देऊ नकोस. 'तुझ्या बापाकडे मी बघते' म्हण आणि फोन ठेव.