गोड लागलेलं पान

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. विचारायची हौस माझी नाही. नांदगावचा माझा थोरला भाऊ म्हणाला, विचार. मेलेल्या माणसाला कसं विचारतात ते त्याने सांगितलं नाही, आणि तुम्हाला तर मराठी अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणजे हा कागद कबरीवर नेऊन ठेवला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. तरी लिहितो. समोर बसून बोलायला लागलो असतो तर पहिल्याच वाक्याला तुम्ही हात वर केला असता आणि म्हणाला असता, आधी तोंड धुऊन ये.

तुमच्याइतका संशयी माणूस मी अख्ख्या अमरावतीत दुसरा पाहिला नाही. भिस्त्याने पखाल ओतली की तुम्ही ओंजळभर पाणी तोंडात घोळवायचात, आणि रोजची विहीर नसली तर त्याला उभ्याउभ्या फैलावर घ्यायचात. मी संध्याकाळी घरी निघालो की तुमची नजर माझ्या धोतराच्या सोग्यावर, एखादं पान खोचून नेतो की काय म्हणून. सुरुवातीला मला फार राग यायचा. पुढे कळलं की तुम्ही स्वतःलाही सोडत नाही. चिरुटांची जुडी बांधून झाली की पुन्हा सोडून पाहायचात. आणि दिवसच तसे होते. दूर कुठेतरी लढाई लागली आहे, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. पण जो उठेल तो कापूस पेरत होता आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवत होता. वरून पाणी मारलेला, तळाशी सरकी आणि माती भरलेला कापूस गाड्या भरभरून पेठेत यायचा. वऱ्हाडात तेव्हा कापसाखालोखाल संशयाचाच धंदा तेजीत होता.

आपलं दुकान त्या कापसाच्याच जिवावर चाललं. कापूस घ्यायला आलेले साहेब, आगगाडीचा रस्ता बांधणारे साहेब, त्यांचे मुंबईकडचे कारभारी, सगळ्यांना चिरूट लागायचे. तुम्ही तो हुन्नर अचलपूरच्या छावणीतल्या एका मद्रासी खानसाम्याकडून उचलला होता. मला शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलंत की आतला तंबाखू म्हणजे पोट आणि वरचं पान म्हणजे चेहरा, आणि लोक चेहऱ्याला फसतात. म्हणून पानं जोखायची तुमची रीत ठरलेली. आत एकच तंबाखू, वर वेगवेगळी पानं. सकाळी अनशापोटी बसायचं, खळखळून चूळ भरायची, कोरड्या भाकरीचा तुकडा चावायचा आणि डोळे मिटून पहिला चिरूट ओढायचा. थोडा जळला की बाजूला ठेवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा भाकरी, मग दुसरा. ज्याचा त्याचा चिरूट वेगळा. एकाचा उष्टा दुसऱ्याने घ्यायचा नाही, कारण तुम्ही मुसलमान, मी कुणबी, आणि पेठेला डोळे होते.

मद्रासकडचं पान पातळ, काळसर. जिभेच्या शेंड्याला मिऱ्यासारखं चटकन लागायचं आणि तितक्याच लवकर निघून जायचं. खानदेशी पान पिवळं, हलकं, भराभर जळणारं, घसा कोरडा करणारं. आणि आमच्या नांदगावच्या काळ्या जमिनीतलं पान जाड, तेलकट, पेटायला आळशी. पण एकदा पेटलं की धूर टाळूला धरून राहायचा आणि चिरूट विझल्यावरही तोंडात भाजलेल्या हरभऱ्याची चव उरायची. ही तिन्ही पानं मी आज झोपेतून उठवलं तरी ओळखीन. जिभेनंतर तुम्ही राख पाहायला शिकवलीत. पानाला रंग आणि वजन यावं म्हणून कोणी ते गुळाच्या पाण्यातून काढलं असेल तर राख काळी आणि चिकट पडते, स्वच्छ पानाची पांढरी पडते आणि धरून राहते. जीभ एखाद्या वेळी फसेल, राख फसत नाही, असं तुम्ही म्हणायचात. चाची, म्हणजे तुमच्या बीबी, आत चुलीवर तांदळाची खळ शिजवायची, आणि तिने पानाचं टोक चिकटवलं की चिरूट तयार. माझ्या चिरुटात तंबाखू आणि तांदळाची खळ, तिसरं काही निघालं तर दुकानाला कुलूप लावीन, हे तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचात.

कापसाने आणखी एक केलं. लोकांनी तंबाखूचे वाफे मोडून तिथेही कापूस पेरला आणि वरच्या पानाचा दुष्काळ पडला. तुम्ही मद्रासकडून पान आणवू लागलात, ते महाग आणि वाटेत तुटणारं. तेव्हा मी नांदगावी दादाच्या हातापाया पडलो, की विहिरीजवळचा तेवढा तुकडा तंबाखूला ठेव. गाव त्याला हसलं. सगळे सोनं पिकवून राहिले आणि हा तंबाखू लावून राहिला, म्हणाले. दादाने ऐकून घेतलं, कारण शब्द मी टाकला होता. पान मोठं सुरेख आलं. त्याने ते स्वतः सावलीत वाळवलं, मुरवलं आणि अमरावतीला आणून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही ते उजेडात धरून पाहिलंत, हुंगलंत आणि मान हलवलीत. तुमची मान हलणं म्हणजे दुसऱ्याने खांद्यावर घेऊन नाचणं.

मग अकोल्याच्या कापूस-कोठीचा कारभारी आला तो दिवस. साहेबांच्या बंगल्यांना वर्षभर चिरूट कोणाचे जायचे हे तो ठरवणार होता. तुम्ही तिन्ही पानांचे चिरूट करवून घेतलेत, त्याला गादीवर बसवलंत, आपण तिघांनी चुळा भरल्या. तो मद्रासी ओढतो, खानदेशी ओढतो, मान डोलावतो. नांदगावचा ओठात धरतो, दोन झुरके घेतो, तोंडातून काढून निरखतो आणि म्हणतो, हा गोड का लागतो? तुम्ही तुमचा चिरूट ओढता, थांबता, आतल्या पडद्याकडे एकदा पाहता, मग चिरुटाच्या राखेकडे पाहता. बोटाने राख झटकता. आणि सांगता, "पान धुतलेलं हाय. याच्या भावानं गुळाच्या पाण्यातून काढलं असन."

कारभाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी माझा चिरूट पेटवला, डोळे मिटले. गोड लागला, उस्ताद. खोटं कशाला बोलू? ओठांना, जिभेच्या शेंड्याला, स्पष्ट गूळ. मी म्हणालो, हो, गोड आहे. अकोल्याला मद्रासी पानाचे चिरूट गेले, तुमचं नाव राहिलं, आणि कारभाऱ्याने जाताजाता पेठेत सांगितलं की नांदगाववाला पान धुतो. पान धुणारा कापूस काय कोरडा ठेवील? ज्याच्या गाडीत तोवर कोणी हात घातला नव्हता, त्या दादाच्या कापसात दलाल कोपरापर्यंत हात खुपसू लागले. शेजारची गाडी तशीच पुढे जायची आणि दादाची रस्त्यावर रिकामी करवून पाहायचे.

मग दादा दुकानात आला. तुम्ही नेमके नमाजाला गेला होतात. तो बसला नाही, पाणीही घेतलं नाही. तुमच्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. मलाच विचारलं, "तुले बी गोड लागलं?"

"लागलं, दादा."

"मंग झालं," तो म्हणाला आणि गेला. त्यानंतर लग्नकार्याला आणि मयतीला तेवढी आमची भेट. तंबाखू त्याने पुन्हा लावला नाही. मीही, आता सांगायला हरकत नाही, मनातून त्याला चोर समजत होतो. भाऊ खरा की जीभ खरी असा प्रश्न आला आणि मी जीभ धरली, कारण ती तुम्ही घडवलेली होती. पुढे लढाई संपली, कापूस कोसळला, साहेबलोक पांगले, तुम्ही खोकल्याने गेलात आणि दुकान माझ्याकडे आलं.

यंदा अकोल्याकडून जे पान आलं ते जाड निघालं. दुपारी मी सहज स्वयंपाकघरात डोकावलो तर सून खळ शिजवत होती, आणि माझ्या देखत तिने तीत गुळाचा खडा टाकला. मी ओरडलोच. ती पोर घाबरली नाही. म्हणाली, "मामाजी, चाचीनंच सांगतलं. जाड पान साद्या खळीनं बसत नाही, निसटते. गुळानं धरते." चाची अजून आपल्याकडे येते, उस्ताद. दुपारची ओसरीवर बसून पानं निवडते, सुनेला शिकवते. शेजारपाजारचे नाकं मुरडतात, आम्ही ऐकत नाही.

मी त्याच जाड पानाचे दोन चिरूट केले, एक साध्या खळीचा, एक गुळाच्या. दुसऱ्या सकाळी अनशापोटी, चूळ, भाकरी, डोळे बंद. दुसरा ओठांना लागला मात्र, आणि मी पुन्हा तुमच्या त्या गादीवर होतो. तोच गोडवा. शेंड्याला आणि ओठांनाच, कारण खळ तिथेच असते. थोडा जळेपर्यंत तो गेलासुद्धा आणि मागे भाजलेल्या हरभऱ्याची चव राहिली. राख पाहिली. पांढरी, धरून राहिलेली. पानात काही नव्हतं. दादाच्याही पानात काही नव्हतं. मी तिथेच बसून रडलो, सुनेला वाटलं धूर गेला डोळ्यांत.

नांदगावला गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं तो भडकेल, निदान मिठी तरी मारील. तो बैलाची दोरी वळत होता, वळतच राहिला. म्हणाला, "माया पानाचं मले माहीतच होतं. तुया उस्तादले माहीत होतं का, थे इचार."

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तुम्ही पडद्याकडे का पाहिलंत? जीभ फसते आणि राख फसत नाही म्हणणारा माणूस, राख झटकून मोकळा का होतो? भिस्त्याची विहीर ओळखणाऱ्या जिभेला स्वतःच्या चुलीवरचा गूळ ओळखू आला नाही? आणि त्यानंतर तुम्ही चाचीकडून खळ काढून घेतलीत आणि बाहेर शेगडीवर स्वतः शिजवायला लागलात. ती म्हणाली होती, यांना माझ्या हातची आवडेना. मी तेव्हा हसलो होतो. आता मला दिसतं की कारभाऱ्यासमोर आपल्या घरातून गूळ निघाला असता तर कुलपाची भाषा तुमच्याच गळ्यात आली असती, आणि नांदगावचा कुणबी काही तिथे उत्तर द्यायला बसला नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर काढलंत, आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीत.

पण संशय तुम्हीच शिकवलात, तेव्हा तो माझ्यावरही घ्यायला हवा. त्या दिवसांत तुमची दाढ सुजली होती. गालात सदा लवंग. लवंगेने जीभ बधिर होते, चुळा भरल्या तरी तासभर जात नाही. पडद्याकडे तुम्ही शरबतासाठीही पाहिलं असेल. खळ स्वतः शिजवायला लागलात कारण तुम्ही सगळंच स्वतः करायला लागला होतात. कारभाऱ्याला गोड लागतं आहे, तुम्हाला काहीच कळत नाही, आणि कळत नाही म्हणायची तुमची हिंमत नाही, असंही असू शकेल. मग तुम्ही खोटं बोलला नाहीत, अंदाज बोललात. हे मनात आलं की मला जास्त भीती वाटते. कारण मग तुम्ही मला शिकवलेलं तरी काय? मी गिऱ्हाइकापुढे डोळे मिटून बसतो आणि सांगतो, तेव्हा लोक ऐकतात, ते या भरवशावर की ही जीभ तुमच्या हाताखालची आहे.

चाचीला ठाऊक असणार. परवा पानं निवडताना ती आपणहून म्हणाली, "थ्या अकोलेवाल्याच्या दिवसाचं तुले कधी कोनी सांगतलं का रे?" मी म्हटलं, कोणत्या, आणि पाणी प्यायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती सुनेशी दुसरंच काही बोलत होती.

पोळ्याला दादाने बोलावलं आहे. मी जाणार आहे, आणि गावातल्या चार माणसांसमोर त्याला सांगणार आहे की उस्तादांना माहीत होतं, त्यांनी आपलं नाव राखायला तुझं घालवलं. इथे पेठेतही जे म्हातारे दलाल उरले आहेत त्यांना सांगणार आहे. लवंगेचं सांगणार नाही. त्याला इतक्या वर्षांनी ते ऐकायला मिळावं असं मला फार वाटतं, आणि खरं बोलायचं तर माझीही सोय त्यातच आहे. तुम्ही लबाड ठरलात तर जीभ तरी खरी राहते. लोकांच्या तोंडून कळण्याआधी हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. चाचीला मी विचारलेलं नाही.