ताजा बर्फ आणि तुडवलेला कापूस

अकोला, गुरुवार, माघ शुद्ध दशमी

माझी एकुलती एक माकडटोपी कन्येने न विचारता हिमाचलात नेली. अकोल्यात तिचा उपयोग शून्य, हे मान्य. तरीही स्वामित्वभंग तो स्वामित्वभंगच!

संध्याकाळी तिचा फोन आला. उद्या मित्रांसोबत दूरच्या उतारावर स्कीइंग, आणि आज रात्री ताजा बर्फ पडणार म्हणे. मी हिमस्खलनावर दुपारभर वाचून बसलेलो. व्याख्यानच सुरू केलं. ती हसली.

"बाबा, तुमी मले काहून शिकवून राहिले? मामाच्या घरी तुडवलेल्या कापसावर नवा कापूस टाकला, की वरचा थर घसरत येते ना? बर्फाचंबी तसंच. सकाळी खड्डा खणून थर पाहू. कच्चा दिसला तर वापस."

उत्तर बिनचूक. शिष्या गुरूच्या पुढे गेली, ठीकच झालं. कच्चा थर ती ओळखेल, याबद्दल शंकाच नाही. टोपी घालते की नुसतीच मिरवते, कोण जाणे.

पण थर कच्चा दिसूनही बाकीचे निघाले तर? ही एकटी "मी येत नाही" म्हणेल? बापाला फटकन बोलते. मित्रांना नाही म्हणणं तिला आजवर कधी जमलेलं नाही. मला भीती वाटते ती याचीच.