बाबूजींनी पाय ओढून घेतले

माय, तू गेलीस तेव्हा मी तिसरीत होतो. आता कॉलेज अर्ध्यात सोडून शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घेतो, तिथेच खोली घेऊन राहतो. बाबूजींशी बोलणं बंद आहे. म्हणून तुला लिहितो.

एक मुलगी आहे, कॉलेजातली. आपल्यातली नाही, मराठी. बघ, तुला लिहिताना मराठी माणूस 'आपल्यातला नाही' असं लिहून बसलो. सावनेरला तुझ्या माहेरी गेलो की मामी म्हणायची, आलं वं हिंदीवालं पोरगं. आणि लकडगंजात, बाबूजींच्या घरी, काकालोक मला मरहट्टा म्हणून चिडवायचे.

दिवाळीनंतर तिला घरी आणलं. बाबूजी वखारीतून येऊन खाटेवर बसले होते. ती पाया पडायला वाकली आणि त्यांनी चटका बसावा तसे पाय वर ओढून घेतले. ती चहा न घेताच निघाली. फाटकापाशी म्हणाली, "तुझ्या बाबूजीले माझा हातही चालत नाही गा."

मी आत येऊन बाबूजींना नको नको ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "कुँआरी बिटिया है. उससे पाँव छुआऊँगा?"

मला हे ठाऊक होतं, माय. नवरात्रात ते गल्लीतल्या कुँआऱ्या पोरींना देवी मानून पाय धुऊन त्यांच्याच पाया पडतात, तांब्याने पाणी मीच ओततो. पण त्या घडीला मी तिच्या डोळ्यांनी बघत होतो, म्हणजे तुझ्याच. मला दोन्ही घरचं येतं, पण एका वेळी एकच. दुसरं मागाहून येतं, बोलून झाल्यावर.

तू कशी करायचीस? भाकर थापता थापता माझ्याशी मराठीत बोलायचीस, आणि हात न थांबवता बाबूजींना हिंदीत जेवायला हाक मारायचीस. काहून, विचारलं तर हसलीस. "त्यायले भूक हिंदीत लागते, तुले मराठीत. चूल तं एकच हाय ना."

परवा तिला बघायला अमरावतीचे लोक येऊन राहिले. त्याआधी तिच्या घरी जाऊन सांगायला हवं, की पाय ओढले तो मानच होता. मनात मराठीत जुळवून पाहतो तर ते निमित्त केल्यासारखं वाटतं. हिंदीत बोललो तर तिचे वडील दारातच वाटेला लावतील. बाबूजींना सोबत ने, असंच तू म्हटलं असतंस. ते येतीलही. फक्त आज लकडगंजला जाऊन मला त्यांना हाक मारावी लागेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. आणि खरं सांगू? लकडगंजची संध्याकाळची बस निघून जावी, म्हणूनच इतकं लांबवून राहिलो.