टाचणीएवढी फट

कुंदा,
('प्रिय' दोनदा लिहून खोडलं.)

तू आता इंग्लंडात पोचली असशील. तू निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या आईनं, झुंबरकाकूंनी, मला तुमच्या घरी लोणच्याच्या डब्याचं झाकण कथलानं झाळून पक्कं बंद करायला बोलावलं. कॉलेज सोडून बापाच्या डब्यांच्या दुकानात बसलेल्याला दुसरं काय सांगणार!

"भाऊ, तेलना थेंब बी बाहेर येवाले नको," काकू म्हणाल्या.

तुझी बॅग उघडी होती. बिबड्यांच्या, ज्वारीच्या पापडांच्या, पिशवीवर पुरुषाचा निळा स्वेटर होता.

"हा कुणाचा?"

"आहे एकाचा," म्हणत तू हसलीस आणि वर टॉवेल टाकलास.

तो एक कोण? आधीच तिकडे गेलेला कुणी डॉक्टर? माझं डोकं फिरलं. झाळताना मुद्दाम टाचणीएवढी फट ठेवली. तेल त्या स्वेटरवर सांडावं, एवढंच मनात होतं.

आज तुझी धाकटी बहीण निर्मला तोच स्वेटर घेऊन दुकानात आली. म्हणाली, ताई निघेपर्यंत याची बाही विणत होती, जाताना मला द्यायला ठेवून गेली.

"तोंड काय देखी ऱ्हायना? हाऊ तुना शे!"

तरी खरं वाटेना. त्या दुसऱ्याला नको झाला असेल, म्हणून मला. घालून पाहिला. डावी बाही दोन बोटं आखूड. लहानपणी मोडून आखूड जुळलेल्या माझ्या डाव्या हाताला ती मनगटापर्यंत बरोबर आली.

कुंदा, बॅगेत काकूंनी तो डबा तुझ्या शिक्षणाच्या सगळ्या दाखल्यांवर ठेवला होता. ठेवताना मी पाहिलं होतं, आणि गप्प बसलो होतो.

धुळ्याच्या या उकाड्यात, शेगडीशेजारी, स्वेटर काढवत नाही. हे पत्रही टाकवत नाही.

तुझाच असेन तर तुझा,
आधार