एकोणीस नंबर गैरहजर

चऱ्होली, बुधवार दुपार

परवा फोनवर तू माझ्यावर ओरडलास त्याचा आधी निकाल लावते, खुशाली मागाहून विचारीन. बाबा चार तास झाले चाकणला कंपनीत आहेत आणि तुझं लक्ष कुठे असतं आत्या, असं तू म्हणालास. माझं लक्ष तुझ्या बापाच्या ताटात होतं. तो माझ्यासमोर बसून खिचडी खात होता आणि पापड मोडताना आवाज करू नकोस म्हणून मलाच दटावत होता. चाकणला गेलं होतं ते तुझं घड्याळ. तू दिवाळीला बांधून गेलास तेच (म्हातारा कुठे हिंडतो ते म्हणे सांगवीत बसून तुझ्या मोबाइलवर टिंब होऊन दिसतं). ते त्यानं मनगटावरून काढून माझ्या भाडेकरू ज्योतीरामला बक्षीस दिलं, महिनाभर एकही खाडा नाही म्हणून. ज्योतीराम ते घालून सेकंड शिफ्टला गेला आणि तुझं टिंब त्याच्याबरोबर बसमध्ये बसून कंपनीच्या पेंट शॉपला गेलं. आता तू मला एक सांग. बाप एवढ्या लांब गेलेला दिसला की माणूस गाडी काढतो. तू फोन काढलास.

असो. चि. सुरेंद्र यास छबूआत्याचा आशीर्वाद. नीलिमाची मान बरी आहे का? (तिला म्हणावं, पट्टा मानेला लावण्यापेक्षा कॉम्प्युटरला लाव, जास्त गुण येईल.) क्षितिजच्या दातांची तार निघाली का? माझे गुडघे आहेत तिथेच आहेत, मीच हल्ली त्यांच्यावर फारशी उभी राहत नाही. पत्र लिहिते आहे कारण फोनवर तू मधे बोलतोस, कागदावर तुला बोलता येत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही तुझ्या बापाला सोबत म्हणून. उद्धव शाळेत एकटा जायला भ्यायचा, म्हणून मला घातलं. त्याची भीती गेली, मला काढलं. तेव्हा काना-मात्रा चुकली तर तुझ्या बापाला दाखव, तो अजून लाल शाईनं गोल करतो. किराणाच्या यादीत मी 'शेगदाणे' लिहिलं, तर अनुस्वारासाठी यादी परत आली, शेंगदाणे आले नाहीत.

तुला वाटतं त्याचं डोकं मागच्या वर्षी बिघडलं. मला विचार. दापोडीच्या त्या शाळेत तो अठरा वर्षं हेडमास्तर होता. दरवर्षी दहावीच्या पोरांना निरोप द्यायचा. पोरं रडायची, बाई लोक रडायच्या, हा कोरडा. आणि त्याच्या स्वतःच्या निरोपाची पाळी आली तेव्हा ती साथ. कुणी कुणाच्या दारात जाईना. मग निरोप मोबाइलवर. तुझी आई गेल्यापासून तो माझ्याकडेच, तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून (खाली लुंगी, कारण खालचं दिसत नाही असं तूच त्याला सांगितलं होतंस) माझ्या पुढच्या खोलीत बसून तो चाळीस मिनिटं बोलला. शिक्षण म्हणजे काय, आपण कुठे चुकलो, कुठल्या पोराला विनाकारण मारलं, सगळं. मी शेजारी मेथी निवडत होते. मला ऐकू येत होतं म्हणून वाटलं सगळ्यांना येतंय. संपल्यावर शेजारची विजयश्री मोबाइल बंद करायला आली. तिनं मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आवाजाचं बटण पहिल्यापासून बंद होतं. चाळीस मिनिटं माणसं आपापल्या चौकोनात हात जोडून बसून राहिली, एकानं सांगितलं नाही. तूही एका चौकोनात होतास. (मागाहून म्हणालास ऑफिसचं काम सोबत चालू होतं, तुझ्या बाजूनंही आवाज बंदच होता.) विजयश्रीला मी डोळ्यानंच गप्प केलं. त्याला अजून वाटतं सगळ्यांनी ऐकलं.

ज्याला नीट निरोप दिला नाही तो जाईल कसा? साडेदहा झाले की तो सदरा घालतो आणि शाळेला निघतो. शाळा पाडली हे त्याला दहादा सांगितलं. तो म्हणतो, सुट्टीचा अर्ज केला होता का? दोनदा बस पकडून दापोडीला गेला. तिथे आता बारा मजले उठतात. फाटकावरच्या वॉचमनला विचारायला लागला की घंटा का झाली नाही. वॉचमन भला माणूस, त्यानं सळईवर सळई हाणून घंटा दिली आणि मग मला फोन केला. त्या दिवशी तुझं टिंब दापोडीत होतं, पण तुझी मीटिंग होती.

यावर तोड ज्योतीरामनं काढली. ज्योतीराम म्हणजे माझ्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी जी अठरा पोरं आहेत त्यांतला एक. लातूरकडचा, सव्वीस वर्षांचा, मिशीवाला, गावाकडे बायको आणि एक लेक. सगळे चाकणला ठेकेदाराकडे कामाला. तो म्हणाला, "आजी, सरांना शाळंला जायचंय न्हवं? मग शाळाच हितं आणू की." तेव्हापासून अकरा वाजता, सेकंड शिफ्टची बस यायच्या आधी, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरते. ज्यांची फर्स्ट शिफ्ट असते ते आदल्या दिवशी रजेची चिठ्ठी देतात. (सगळ्यांच्या चिठ्ठीत पोटच दुखतं, माझ्या स्वयंपाकाची बदनामी.) तुझ्या बापानं नवी वही आखली, एकेकाला नाव-गाव विचारून अठरा नावं लिहिली. आणि कुणाला न विचारता एकोणिसावं लिहिलं. जगदाळे सुरेंद्र उद्धव.

रोज हजेरी होते. अठरापर्यंत गाडी सुरळीत. मग तो म्हणतो, "एकोणीस." कुणी बोलत नाही. "एकोणीस?" मग गैरहजर लिहितो. एकदा ज्योतीरामला दया आली आणि त्यानं एकोणीसला हजर म्हटलं. तुझ्या बापाला माझं नाव दिवसाकाठी दोनदा विसरायला होतं, पण हजेरी पक्की. "तू सात नंबर. खोटी हजेरी लावतोस?" असं म्हणून त्याला अंगठे धरायला लावले. कंपनीच्या युनिफॉर्ममधला मिशीवाला बाप्या दहा मिनिटं ओणवा. बाकीचे हसून मेले. उठला तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेतोस? तर म्हणतो, न्हाई आजी, कंपनीत दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर सरळ घरी घालवतात, सरांनी नुसते अंगठे धरायला लावले.

दुसऱ्या आठवड्यात तुझ्या बापानं फर्मान काढलं की एकोणीस नंबरच्या पालकांना बोलावून आणा. आता पालक तोच. हे त्याला कोण सांगणार? शेवटी पदर खोचून मीच उभी राहिले. तुझ्या बापानं मला नखशिखांत बघितलं आणि सगळ्या पोरांदेखत झापलं. मुलाकडे लक्ष नाही, मुलगा कुठे जातो याचा पत्ता नाही, बाई, तुम्ही स्वतः किती शिकलात? मी म्हटलं, तिसरी. तो म्हणाला, तरीच. सुरेंद्र, मला आयुष्यात कुणी एवढं बोललं नाही, आणि बोललं असतं तर ते जेवल्याशिवाय घरी गेलं असतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. (क्षितिजच्या शाळेतली एकही पालकसभा तू चुकवत नाहीस म्हणे. छान.)

हजेरी झाली की उपदेश. तुला पाठ असेल. विद्या चोर नेत नाही, पाणी भिजवत नाही, जगात एकच गोष्ट कायम, ती विद्या. 'कायम' म्हटलं की ही पोरं खिदळतात. कारण सात महिने झाले की ठेकेदार त्यांना ब्रेक देतो. ब्रेक म्हणजे घरी जा, नाहीतर कायम करावं लागेल. एरवी पोरं हसली की तो खवळतो, पण एकदा तोही हसला. म्हणाला, आमच्या शाळेला सरकारनं 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का मारला होता, कायम झालेलं तेवढंच बघितलं मी. आणि मग काय झालं कोण जाणे, वही मिटली. "अठरा वर्षं मी मुलांना सांगितलं, आता मान खाली घालून शिका, पुढे मान वर करून जगाल. तुमच्या माना अजून खाली का?" ज्योतीराम म्हणाला, "सर, लाइनवर मान वर केली की गाडी म्होरं जाती." तुझ्या बापानं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं चिडला. तो म्हणाला, "मग मी चुकीचं शिकवलं बाळांनो." मी हातातलं उलथनं घेऊन तशीच उभी, आणि आत पोळी करपली.

पण वर्ग काही सुटत नाही. उपदेशाच्या शेवटी 'आता तुम्ही जाऊ शकता' असं एक वाक्य असतं, ते तो म्हणत नाही. एक मुलगा गैरहजर आहे, निरोप उद्या. बसचा हॉर्न वाजतो, पोरं एकेक करून मागच्या दारानं सटकतात, आणि हा चार-चार वाजेपर्यंत रिकाम्या शेडमध्ये वही धरून बसून. पोरांना सोमवारी ब्रेक आहे. अठराही जाणार. नवे येतील ते असला खेळ खेळतीलच असं नाही, त्यांनी का खेळावा?

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. दिवाळीला त्यानं तुला खुर्ची दिली आणि विचारलं, बसा साहेब, कोणत्या मुलाचे पालक? तू खाली गेलास आणि गाडीत बसलास. मी गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. गाडी बराच वेळ चालू झाली नाही. त्याबद्दल मी तुला काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. मला तुझ्याकडून काहीही नको. तेवढा घड्याळाचा चार्जर पाठव, ज्योतीरामला गावी न्यायचंय.

तुमचं तिकडे बरं चालो, आमचं इकडे चाललंय.
छबूआत्या

ता. क. दहावीच्या निरोपाच्या आदल्या दिवशी बापानं भर वर्गात तुझ्या कानाखाली वाजवली, दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकीपायी, आणि दुसऱ्या दिवशी तू शाळेला न जाता माझ्याकडे आलास. पोटमाळ्यावर बसून शेंगा खाल्ल्यास. त्यानं शिपाई पाठवला तेव्हा मी म्हटलं, इकडे आलाच नाही. तेव्हा तुझी गैरहजेरी मी लावली आहे. म्हणून तर झापलं तेव्हा गप्प बसले.

ता. क. २. त्या मोबाइलवरच्या चाळीस मिनिटांत त्यानं तुझं नाव घेतलं होतं. हात माझा उठला, चूक त्याची नव्हती, आणि तो निरोपाला आला नाही हे मला अठरा वर्षं सलतं, असं म्हणाला. ते ऐकलेलं माणूस जगात मी एकटी. मला वाटलं, तोच कधीतरी तुला सांगेल. त्याला वाटत होतं तू ऐकलंस आणि गप्प बसलास. आता त्याला विचारून उपयोग नाही.

ता. क. ३. चार्जर पाठवू नकोस, घेऊन ये. रविवारी. सगळ्या पोरांनी सुट्टी मागून घेतली आहे, त्याच्यासाठी शाल आणली आहे. डॉक्टर म्हणतात यानं काही सुधारणा होणार नाही, मीही होईल म्हणत नाही. तो वर बघून 'कोण?' म्हणेल, तेव्हा पळून जाऊन गाडीत बसायचं नाही. हजेरी अकराला. एकोणीस पुकारला की ज्योतीरामनं बोलायचं नाही, नीलिमानं बोलायचं नाही, मी तर नाहीच नाही. तूच बोलायचं, आणि उभं राहून.