तंबूपुरता बिल्ला

१० एप्रिल १९४८, शनिवार. शेवगाव

कचेरीतून बिल्ले शिवायला आले. अर्धे पांढऱ्या मांजरपाटाचे, अर्धे पिवळ्या साटिनीचे. पांढरे आपल्याकडच्या बातमीदारांना, पिवळे मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून येणाऱ्यांना. म्हणजे सरहद्द सुरक्षा परिषद भरणार हे नक्की — इकडून मुंबई सरकारचे अधिकारी, तिकडून निजामाचे, आणि जागा आंबीओढ्याचा नाका. चहाच्या दुकानात लोक म्हणतात, दोन देशांची परिषद आहे. असेल. आम्ही बहिणीला, जहिराला, ओढ्यापलीकडे दिली तेव्हा तो दुसरा देश नव्हता, शेजारचं गाव होतं.

बिल्ल्यांचं कापड आणणारा शिपाई म्हणाला, "इब्राहिम मास्तर, कापड पुरवून वापरा." जसा काही मी उरलेल्या साटिनीची शेरवानी शिवणार आहे!

दिवसभर मशीन चालवायचं आणि सवड मिळेल तशा नगरच्या 'चावडी' साप्ताहिकाला इथल्या बातम्या पाठवायच्या, हे माझं चाललेलं असतं. संपादक काकासाहेब छापतात तेव्हा छापतात. या वेळी मात्र मला आत जायचंच आहे. बातमीसाठी नाही — हे फक्त या वहीला सांगतो. मला एक प्रश्न विचारायचा आहे.

११ एप्रिल

प्रश्न असा: पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या बाईला नाका ओलांडू देणार की नाही?

जहिराचे दिवस भरत आले. सातव्यातच आणायची होती. मी गाडी जुंपून गेलो, तर आपल्याच नाक्यावरून परत फिरवली. तिकडचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाकाही बंद. टपाल बंद. धडधाकट माणसं अंधारात आडवाटेनं येतात-जातात, पण पोटुशी बाई काट्याकुट्यातून, दगडधोंड्यातून कशी आणायची? गाडीवाट एकच, आणि ती नाक्यावरून जाते. माझी ही एकुलती एक बहीण. तिच्या सासरी बाईमाणूस कुणी नाही. नवरा मेहताब भला आहे, पण बाळंतपणात भलेपणाचा काय उपयोग.

अम्मा रोज सकाळी विचारते, "जहिरा कब आती?" घरात आम्ही दखनी बोलतो. अम्मा रागावली की मात्र मराठीवर येते. आज आली. "तुझं ते पेपरात लिव्हनं कंदी कामाला येनार?"

 

१३ एप्रिल

पुण्याहून प्रसिद्धी अधिकारी आलेत. त्यांनी सगळी व्यवस्था समजावून सांगितली. मी एका बाजूला उभा राहून ऐकली.

बातमीदारांना वेगळा तंबू. तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात, बरोब्बर हद्दीवर, म्हणजे कुणालाच दुसऱ्याच्या मुलखात जावं लागायला नको. तंबूत मधोमध दोरी. पांढरे बिल्ले दोरीच्या अलीकडे, पिवळे पलीकडे. दोरीवरून बोलायला हरकत नाही, ओलांडायची नाही. अधिकाऱ्यांचा मांडव तंबूपासून इतका लांब की तिथं कुणी ओरडून बोललं तरी ऐकू येऊ नये. बैठक उठल्यावर दोन्हीकडचा एकेक साहेब तंबूत येऊन निवेदन वाचणार. प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यायचे. पसंत पडतील तेवढेच विचारायचे.

"व्यवस्था चोख आहे," साहेब म्हणाले. आहेच. बातमीदार आत जाईल आणि बातमी बाहेर येणार नाही, याहून चोख ती काय असायची.

१५ एप्रिल, गुरुवार

बिल्ले देऊन आलो. माझा मागितला. पांढऱ्यांत माझं नाव नाही.

साहेब म्हणाले, "तुम्ही पिवळ्यांत आहात."

मी म्हणालो, मी शेवगावचा, साप्ताहिक नगरचं, माझा बाप इथल्याच मातीत पुरलाय. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "वाटणी नावांवरून केली आहे. बिल्ला हवा आहे की नको?"

म्हटलं, हवा आहे.

मीच कापलेला, मीच टीप मारलेला, त्यावर शिक्का मारून मलाच परत दिला. खिशात घालून घरी आलो. 

१६ एप्रिल

बिल्ला न लावताच नाक्यावर जाऊन पाहिलं. हवालदार गोरक्षनाथ होता. त्याच्या लग्नातला कोट माझ्या हातचा. वाटलं, हा सोडेल.

"मास्तर, राग मानू नगा. हुकूम बिल्ल्याचा हाय. मानूस वळखायचा न्हाई म्हनलंय. बिल्ला असंल त्याला तंबूपस्तोर सोडायचं, मग तो कुनी का आसंना."

"आणि तंबूच्या पुढं?"

"फुडं कुनालाच न्हाई. त्यांच्याकडं बी ह्योच हुकूम हाय."

येताना चहाला थांबलो. पिवळ्या बिल्ल्याची गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली होती. आबासाहेब चहावाला हसतच म्हणाला, "काय मास्तर, तिकडचेच झाला म्हनायचं." माझ्यापुढं कपाऐवजी फुटकी बशी ठेवली. कदाचित कप नसेल. असं मनाला समजावलं, पण मन काही समजलं नाही.

१७ एप्रिल

प्रश्न लिहून दिला होता, तो परत आला. वर तांबड्या शाईत: विषय सुरक्षेचा नाही.

१८ एप्रिल, रविवार

परिषद झाली.

सकाळी बिल्ला छातीवर लावला. अम्मानं आपल्या हातानं टाचणी टोचली, म्हणाली रंग शोभतो. गल्लीतून जाताना मी त्यावर हात ठेवून चाललो. छातीत कळ आलेल्या माणसासारखा!

गोरक्षनाथानं बिल्ला पाहिला आणि तंबूतली दोरी वर उचलली. "पिवळा हाय न्हवं? मग तिकडं." वाकून पलीकडं गेलो. इतक्या महिन्यांनी मोगलाईत पाऊल पडलं ते असं — दोन पावलं, सतरंजीवर. तंबूच्या पलीकडच्या दाराशी त्यांचा शिपाई बंदूक घेऊन उभा. तिथून पुढं पांढरी गाडीवाट सरळ जहिराच्या गावाकडं जाताना दिसत होती. दिवसभर मी तिच्याकडंच बघत बसलो.

शेजारी बीडकडचे एक म्हातारे बातमीदार होते, बाबाजान नावाचे. उर्दू अखबारात लिहितात. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आधी त्यांना मी आपल्यातलाच वाटलो. मी शेवगावचा म्हटल्यावर फार हसले. जहिराचं गाव त्यांच्या वाटेवरच आहे. तिचं सगळं त्यांना सांगितलं. इतक्या दिवसांत नीट ऐकून घेणारा हा पहिला माणूस.

उन्हं कलल्यावर साहेब लोक आले. निवेदन वाचलं. चर्चा सौहार्दानं झाली. दोन्ही बाजूंनी आपापली भूमिका मांडली. पुढची बैठक दोन मे रोजी. मी उठून उभा राहिलो. तोंड उघडलं तोच प्रसिद्धी अधिकारी म्हणाले, "मंजूर प्रश्न संपले." खाली बसलो. उभाच राहायला हवं होतं. फार तर काय केलं असतं त्यांनी?

निघताना बाबाजानना म्हणालो, बहिणीला सांगा, काही जमलं नाही. तिकडंच सुईण बघ म्हणावं.

२० एप्रिल

अम्माला सगळं खरं खरं सांगितलं. रडली नाही. भाकरी थापत राहिली. मग मराठीत —

"त्यो तंबू काढला का?"

नाही काढला. बैठक तहकूब आहे, संपलेली नाही. जो आधी तंबू काढेल त्यानं माघार घेतली असं होईल, म्हणून कुणीच काढत नाही. पहारा आहे, दोरी आहे, सतरंजीसुद्धा तशीच आहे.

"मग ठीक हाय," म्हणाली. त्यात ठीक काय आहे ते मला कळलं नाही.

२६ एप्रिल

'चावडी' आली. परिषदेची बातमी पहिल्या पानावर. माझं नाव नाही. नाक्यावर अडकलेल्या बायकांबद्दल मी शेवटी चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही नाहीत. काकासाहेबांचं कार्ड वेगळं आलंय. "सध्याच्या वातावरणात तुमचं नाव छापणं बरं दिसत नाही. काही दिवस मजकूर पाठवू नये. गैरसमज नसावा."

गैरसमज अजिबात नाही. सगळं लख्ख समजलं.

१ मे

उद्या दुसरी बैठक. जायचं मन नाही. कुणासाठी जाऊ? पेपर सुटला, प्रश्न नामंजूर, आणि गावात मी पिवळा.

अम्मा म्हणते जा. बाबाजान आले तर निरोप दे — "म्हनावं, येत्या जुम्म्याला जहिराला तंबूपस्तोर आना. नदरंला तर पडंल."

मी चिडलो. म्हटलं, अम्मा, तो तंबू बातमीदारांचा आहे, धर्मशाळा नाही. तिला बिल्ला कोण देणार? आणि तुला कोण देणार?

"तू निरोप दे," म्हणाली.

२ मे, रविवार

साहेब लोक आलेच नाहीत. इकडच्यांनी तिकडच्यांची वाट पाहिली, तिकडच्यांनी इकडच्यांची. बातमीदारही मोजकेच, पेंगत बसले होते. बैठक पुन्हा तहकूब, तारीख मागाहून.

बाबाजान मात्र आले होते. जहिराला भेटून आले म्हणे. वाळली आहे, पाय सुजलेत, सारखी अम्माला विचारते. मी अम्माचा निरोप सांगितला, आणि सांगताना लाजून हसलो, म्हातारीचा हट्ट आहे म्हटलं. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कौनसा जुम्मा?"

येताना वाटेत बाभळीखाली बसून रडलो. तिथं कुणी नव्हतं म्हणून बरं.

घरी आल्यावर बिल्ला काढून खुंटीला अडकवला. अम्माला म्हटलं, उद्या चुलीत घाल, मला परत डोळ्यांसमोर नको.

५ मे

दुकानात गिऱ्हाईक नाही. लग्नसराई असून नाही. सकाळी झुंबरबाई तेवढी चोळ्या टाकून गेली. शेजारीण आहे, तिला कशाचं काही नाही. बाकीची कापडं पलीकडच्या पेठेत जातात. जावोत. माझ्याच्यानं आता कुणाला समजावणं होणार नाही.

रात्री झोप लागत नाही. डोळ्यांपुढं ती पांढरी गाडीवाट येते, आणि त्या वाटेवर कुणीच नसतं.

७ मे

पहाटे उठलो तर अम्मा घरात नाही. झुंबरबाईच्या पोरानं सांगितलं, "बद्रुन्निसा आजी आमच्या आयसंगं गाडीत गेली." कुठं ते त्याला ठाऊक नाही. पेटीतली जुनी मऊ चादर दिसत नाही. ओव्याचा डबा रिकामा. बिल्लाही खुंटीवर नाही, चुलीत घातला असेल. बरं केलं.

दुपार झाली. अजून नाही आली.

जुम्म्याची नमाज चुकवली. आज शुक्रवार आहे हे मशिदीतून येणारी माणसं पाहून ध्यानात आलं. आणि मग एकदम बाकीचंही ध्यानात आलं. नाक्याकडं धावत सुटलो. गोरक्षनाथानं आडवा हात घातला. "बिल्ला?"

"अम्मा आत आहे का?"

"बिल्ल्याचं मानूस आत हाय. कोन त्ये मी वळखत न्हाई," म्हणाला, आणि तोंड फिरवून हळूच, "मास्तर, घरला जा. बायकांचं काम हाय."

घरी आलो.  आमच्यासारख्या दुर्दैवी माणसांनी आशाच करू नये. गाडीचे धक्के, हे ऊन, आणि डॉक्टर नाही, सुईण नाही, काही नाही. मीच निरोप दिला. तोही हसत दिला.

८ मे, शनिवार

अम्मा आली. झुंबरबाईच्या गाडीतून, जहिराशिवाय. बाह्या कोपरापर्यंत भिजून वाळलेल्या.

मुलगी झाली. तंबूत, सतरंजीवर. दोघी सुखरूप. बाबाजाननी आपला बिल्ला जहिराला दिला होता. सकाळी मेहताब दोघींना गाडीत घालून परत घेऊन गेला.

 अम्मा पाय पसरून बसली आणि मराठीत म्हणाली, "पांढरा असता तर मी दोरीच्या अलीकडंच ऱ्हाइले असते. पिवळा व्हता म्हनून लेकीपस्तोर गेले. पयलं बाळंतपन म्हायेरीच झालं बघ तिचं."

मी विचारलं, बिल्ला कुठंय?

"पोरीच्या दुपट्याला टाचला. तिला आजोळी यायला लागंल की."