उपासाचा बबल टी

ट्रॉय, मिशिगन
४ नोव्हेंबर २००६

ती. ताईस,

पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार. आमचे मेहुणे मोरेश्वरराव पुन्हा जिना चढू लागले हे वाचून बरं वाटलं. मी ठणठणीत आहे. गिरीश नाताळच्या सुट्टीत बॉस्टनहून येतोय. त्याच्या आत एका गोष्टीत तुझा निकाल हवा आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी चहाचं सांगतो. इथे चिनी दुकानांच्या रांगेत बबल टी नावाचा प्रकार मिळतो. गार दुधाचा चहा, तळाशी काळे मऊ गोळे आणि ते ओढून घ्यायला बोटाएवढी जाड स्ट्रॉ. प्यायचा की खायचा, हेच आधी कळत नाही. पहिल्या दिवशी एक गोळा थेट घशात गेला, मला ठसका लागला आणि लिनबाईंनी पाठीत असा धपाटा घातला की आईची आठवण झाली. लिनबाई म्हणजे माझ्या चालण्याच्या सोबतीण. हिवाळ्यात आम्ही म्हातारे इथे मॉलमध्ये फेऱ्या मारतो, तिथली ओळख. मूळच्या तैवानच्या, गाड्यांचे रंग बनवणाऱ्या कंपनीत केमिस्ट होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.

नावाची चौकशी केल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे तुला ठाऊकच आहे. दुकानातली मुलगी म्हणते, गोळे म्हणजेच बबल. लिनबाई म्हणतात, साफ चूक. चहा जोरात हलवला की वर फेस येतो, तो बबल. गोळ्यांना त्यांच्याकडे मोती म्हणतात. दोघींची चांगलीच जुंपली आणि माझा चहा तसाच राहिला. कॅलिफोर्नियात यालाच बोबा म्हणतात. त्याचा अर्थ विचारला तर लिनबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. "पुरू, हा वर्ड मी आईसमोर कधीच काढला नसता." मी दुसरीकडे विचारून घेतला. तुला लिहिण्यासारखा नाही.

गोळा दाताला कसा लागावा, त्यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, क्यूक्यू. मऊ, पण दाताला जरा उलट ढकलणारा. लुसलुशीत म्हणावं तर ते नव्हे, चिवट तर मुळीच नव्हे. मी बराच डोक्याला ताण दिला. तुला मराठीत काही सुचलं तर बघ.

आसावरी गेल्यावर तिच्या एकादश्या मी धरल्या, हे मी तुला बोललो नव्हतो. देवासाठी नाही. तिचं काहीतरी चालू राहावं, इतकंच. जूनमधल्या एकादशीला मी चहा नको म्हटलं, तेव्हा लिनबाईंनी कारण विचारलं. बोलता बोलता कळलं, ते गोळे टॅपिओकाचे. म्हणजे आपला साबुदाणाच की. दूध, साखर, चहा, साबुदाणा, सगळं उपासाचं. मग काय, एकादशी अन् दुप्पट खाशी. उन्हाळाभर मी मोठ्या ग्लासात उपास केला.

पण लिनबाई पडल्या केमिस्ट. त्यांनी दुकानातून गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात गव्हाचं पीठही होतं. मी म्हटलं, जाऊ द्या, देव एवढं बघत नाही. त्या चिडल्या. "देवाचं सोड. तुझ्या वाइफचा फास्ट आहे ना? मग प्रॉपरली कर."

परवा कार्तिकीला त्यांनी घरी बोलावलं. भारतीय दुकानातून स्वतः साबुदाणा आणला होता. त्यांचे मोती उकळत्या पाण्यात टाकतात, तसाच त्यांनी कोरडा साबुदाणा टाकला. मी पोचलो तेव्हा पातेल्यात खळ झाली होती आणि त्या पळी धरून रडवेल्या उभ्या होत्या. आधी भिजत घालायचा असतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही त्या खळीतच चहा, दूध, साखर घातली आणि चमच्याने खाल्ली. त्या पदार्थाला कुठल्याच भाषेत नाव नसेल. माझ्या ताटात आज काय चालतं नि काय नाही, याची काळजी करणारं आसावरीनंतर कोणी राहिलं नव्हतं. ताई, मला तिथेच रडू आलं.

एवढं चहापुराण कशासाठी, हे तू केव्हाच ओळखलं असशील. मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. नाव शूमेई. विचारलं मीच. ती म्हणाली, आधी घरच्यांना विचार, मग मी उत्तर देते. घरचे म्हणजे तू आणि गिरीश. आसावरी त्याची आई होती, त्याला लागणारच. त्याचा पहिला प्रश्न असेल, "बाबा, आत्याला विचारलंत?" तू हो म्हणालीस तर तो निदान ऐकून घेईल. तू नाही म्हणालीस तर मी हा विषय काढणार नाही, आणि शूमेईला तसं सांगून ठेवलंय. या वयात लोक हसतील, ते हसू देत. तुझं तसं नाही. तुझ्या मनाविरुद्ध मला सुख लागणार नाही.

ती आत्ता समोरच बसली आहे. ही अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली का, असं विचारतेय. तुला काय कळवू म्हटलं, तर तिने दोन्ही हात जोडले. ते कुणी शिकवलं, मला माहीत नाही, मी तर नाही शिकवलं. तो नमस्कार या पत्रातून पाठवतो आहे. घेतलास तर तिला आशीर्वाद लिही. नाहीतर नुसतं हवापाण्याचं लिही, मी समजेन.

तुझा धाकटा,
पुरुषोत्तम